तुझ्या विहिरीचं पाणी

आई, गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. तू असतीस तर तुला ते माझ्या आधी कळलं असतं. मला ते एका पाहुण्यांच्या मुलीने सांगितलं. सकाळी पडवीत सगळ्यांना चहा दिला, तर त्या पोरीने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही साखरेच्या जागी मीठ टाकलंत का?" तिच्या आईने तिला डोळ्यांनीच दटावलं. मी हसले, दुसरा करून आणते म्हणाले, आत जाऊन कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायले. मग तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आता चष्म्याशिवाय तांदूळ निवडू शकत नाही, पण त्या वेळी मला पहिली भीती वाटली ती तुझी. आता आई आत येईल आणि विचारील, काय केलंस गो माझ्या विहिरीचं.

तुझीच विहीर म्हणायची ती. बाबा बोटीवर, वर्षाचे बहुतेक महिने कुठल्यातरी परक्या बंदरात. घरात तू, मी आणि धाकटा. आगरातले माड, थोड्या पोफळी, मागे विहीर आणि त्यापलीकडे वाळू. तेव्हा आपल्या गावात कोणी मुद्दाम येत नसे. पाहुणा म्हणजे नात्यातला. ते पुण्याचं जोडपं आलं ती संध्याकाळ तुला आठवत असेल. पावसला स्वामींच्या मठात दर्शनाला आलेले, जवळच समुद्र आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून पुढे आपल्या फाट्यावर उतरले, आणि परतीची एसटी त्या दिवशी आलीच नाही. तू तांदूळ दळून घरी येत होतीस. डोक्यावर पिठाचा डबा तसाच ठेवून तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस नि म्हणालीस, "इथं बसून डासांचंच पोट भरंल. उठा, घर जवळच हाय." त्या बाई इतक्या संकोचल्या होत्या की वाटेभर चपला हातात घेऊन चालल्या, जणू रस्ताही आपल्याच घरातला होता.

मला तो स्वयंपाक अजून दिसतो. तू चुलीपुढे बसली आहेस, कुळथाची पिठी रटरटते आहे, उकड्या भाताचा वास घरभर आहे आणि मी नारळ खवते आहे. गृहस्थ पाटावर मांडी घालून बसलेत नि दर घासाला मान हलवतायत. बाईंनी सोलकढी पुन्हा पुन्हा मागून घेतली आणि शेवटी लाजत विचारलं, "ह्यात घालता तरी काय?" तू म्हणालीस, "काय नाय, आमसुलं नि नारळ. आणि विहिरीचं पाणी." तेव्हा मला वाटलं तू विनोद करतेयस. दिवाळीच्या सुमारास त्यांचं पार्सल आलं, आत गवतात गुंडाळलेला निळ्या काठाचा चहाचा सेट. मग त्यांच्या ओळखीचे आले, त्यांच्या ओळखीचे आले. माजघराशेजारची खोली तू सारवून घेतलीस, दोन बाजा टाकल्यास, आणि आपल्या घरी हक्काने राहायला लोक येऊ लागले. त्या निळ्या कपांत चहा फक्त त्यांना मिळायचा. आपण पितळीत प्यायचो.

पण पाण्याचा तुझा हिशेब पाहुण्यांनाही चुकला नाही. रहाटाने ओढून काढायचं पाणी, तेही बहुतेक माझ्या नि तुझ्या हातांनी. न्हाणीतून निघालेला पाट तू स्वतः फावड्याने असा वळवला होतास की आंघोळीचं पाणी एका माडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात जायचं. एकदा मी घाईत तांदूळ धुतलेलं पाणी मागच्या दारी कातळावर भिरकावलं. शाळेची मैत्रीण वाट बघत उभी होती. तू मला तिच्यासमोर हाताला धरून परत आणलंस. "पाणी गेलं कुठं ते बघ आधी. मग जा." मी रडकुंडीला येऊन कातळाकडे बघत राहिले. ऊन इतकं होतं की ओल माझ्या डोळ्यांदेखत सुकून गेली. तेवढंच तुला दाखवायचं होतं. नंतर तू माझ्या डोक्यावरून हातही फिरवला नाहीस, पण मैत्रिणीला मात्र आंब्याची साठं दिलीस.

आणि तुझा तो मे महिना. आंबे पिकलेले, शाळांना सुट्ट्या, मुंबई-पुण्याची माणसं यायला तयार, आणि तू ऐन तेव्हा खोली बंद करायचीस. मी कॉलेजात होते त्या वर्षी एक जीप भरून मंडळी आली होती. पत्र न पाठवता, भर दुपारी. तू त्यांना जेवू घातलंस, पन्हं दिलंस, झावळ्यांच्या सावलीत आडवं होऊ दिलंस, आणि ऊन उतरल्यावर हात जोडलेस. "राहायला नाय जमायचं. पावसाळा झाला की या, आनंदानं या." ते गेल्यावर मी तुझ्यावर केवढी चिडले! बाबांचं येणं लांबलं होतं, घरावरची कौलं बदलायची होती, आणि तू चालून आलेली माणसं परत पाठवत होतीस. तू ऐकून घेतलंस. मग मला खालाच्या विहिरीवर नेलंस.

तिच्या घरची पोरं मावशीला खाला म्हणायची, म्हणून आम्हीही तिला खालाच म्हणायचो. तिचं घर आपल्या कुंपणापलीकडचं, वाळूला लागून. तिचा नवरा आखातात, आपले बाबा बोटीवर, त्यामुळे तुमच्या दोघींचं बोलणं कधी संपायचं नाही. तिच्या विहिरीतून तू पोहरा ओढलास आणि म्हणालीस, "चव घे." खारट नव्हतं, गोडही नव्हतं. जिभेवर काहीतरी राहत होतं. "दर उन्हाळ्याला हे असं होतं," तू म्हणालीस. "आपण उपसलं नाय की समुद्र तिथंच थांबतो. उपसलं की आत येतो. आता महिनाभर ही आपल्याकडं पाणी न्यायची. एका विहिरीवर दोन घरं हायत, त्यात तिसरं कुठं बसवू?" खाला दारात उभी होती. ती हसून म्हणाली, "पोरीला कशाला दम देतेस गो? तिला काय ठावं." मला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं. आणि पटलंही नव्हतं, कौलं डोळ्यांपुढे होती.

तू गेलीस, मग काही वर्षांनी बाबा गेले. खाडीवर पूल झाला, किनाऱ्याकडेने रस्ता आला. जी माणसं पूर्वी वाट चुकून यायची ती आता पत्ता शोधत येऊ लागली. धाकटा मुंबईची नोकरी सोडून परत आला तेव्हा मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. आई, तो परत आला तो ह्या पाहुण्यांमुळेच. ह्या व्यवसायाने गावाचं वाईटच केलं असं मी म्हणणार नाही. आपल्या वाडीतल्या पोरी घरच्या घरी जेवणं करून देतात, तरुण मुलं होड्या फिरवतात, ज्या घरांना कुलूप होतं तिथे संध्याकाळी दिवा दिसतो. धाकट्याने आगरात खोल्या बांधल्या, मी तुझं स्वयंपाकघर वाढवलं. रहाट काढून पंप बसवला, आणि पुढे त्याने बोअर मारली. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने मारली. कोणाला विचारायचं? जमीन ज्याची त्याची, आणि पाणी दिसत तर नाही कोणाला.

इतर गोष्टी दिसत होत्या. सुरूच्या बनात पानांपेक्षा प्लास्टिकच्या ताटल्या जास्त झाल्या. भरती-ओहोटीच्या मधल्या ओल्या वाळूवर लोक गाड्या पळवायला लागले. तू आम्हाला जिथे पाय जपून टाकायला शिकवायचीस, कुर्ल्या चिरडतील म्हणून, तिथे चाकांचे चर पडले. पावसाळ्यात खळाळणारा ओढा, आपला पऱ्या, हॉटेलांचं सांडपाणी घेऊन उन्हाळ्यातही वाहायला लागला, आणि त्याच्या वासाने खालाने आपली पश्चिमेची खिडकी कायमची लावून घेतली. मी सकाळी पोतं घेऊन निघायचे, जमेल तेवढं उचलायचे. काही पाहुणेही यायचे सोबत. मनाने चांगली असतात गो माणसं. फक्त ती दोन दिवसांसाठी येतात.

त्या सकाळी चहाचं झाल्यावर मी खालाकडे गेले. ती आता खूप थकली आहे, मुलं आखातात, सोबतीला एक बाई असते. मी आपल्या विहिरीचं पाणी तांब्यात नेलं होतं. तिने घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला. मग तांब्या माझ्याकडे देत म्हणाली, "बाय, तुझ्या पाण्याला माझ्या पाण्याची चव आली गो." आणि मग, "आता मी जाऊ कोणाकडं?"

मी तशीच धाकट्याकडे गेले. तो आगराच्या मधोमध उभा होता, खड्ड्याच्या काठावर. तुला हे सांगणं मी टाळत होते. तू पाटाने ज्यांना पाणी द्यायचीस त्या माडांतले काही त्याने पाडले होते, तिथे पोहण्याचा तलाव व्हायचा होता. माणसं फोनवर पहिलं तेच विचारतात म्हणायचा, तलाव आहे का. मी म्हटलं, "विहीर गेली."

"गेली म्हणजे?"

"मचूळ झाली. खालाने पण चव घेतली."

तो चिडला. "मग मी काय करू ताई? सगळ्यांच्या बोअरी आहेत, मी एकट्याने बंद केली तर समुद्र मागे जाणार आहे? टँकर मागवतो मी. आजच मागवतो."

"आणि ह्यात काय भरणार?" मी खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"ते पण टँकरने."

"आईने असं केलं नसतं."

"आईला घर चालवायला बोटीवरून पगार यायचा," तो म्हणाला. "मला येत नाही."

हे तो खरं बोलला. मी तांब्या घेऊन घरात गेले. टँकर आला. दुसऱ्या दिवशी परत आला. पाणी गोड होतं, चहा चांगला झाला, पाहुणे खूश. तिसऱ्या खेपेला मी टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं, पाणी कुठून आणता. तो सहज म्हणाला, "वरून, सड्यावरच्या गावातून. बघायचं तर या की मागनं." धाकटा तिथेच होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल. तुझ्या मनाचं समाधान होऊ दे एकदा."

त्याच्या गाडीतून आम्ही टँकरच्या मागे निघालो. चढ संपून सड्याचं पठार लागलं तसं सगळीकडे करपलेलं गवत नि काळा पडलेला कातळ. गावाच्या खालच्या अंगाला, उतारावर एक जुनी विहीर होती. तिच्या मालकाने टँकरवाल्याशी ठरवलेलं. टँकरने पाइप सोडला, इंजिन सुरू झालं, आणि बायका हंडे घेऊन बाजूच्या आंब्याखाली बसलेल्या दिसल्या. कोणी भांडत नव्हतं. त्या नुसत्या बसल्या होत्या, एसटीची वाट बघितल्यासारख्या. माझ्या वयाची एक बाई जरा सरकून मला जागा देत म्हणाली, "टँकर भरला की मग झऱ्याचं साठंल तसं आमी काढतो." मी विचारलं, मग दुपारचा स्वयंपाक? ती म्हणाली, "होतो की. उशिरा होतो." मग तिने धाकट्याला विचारलं, "तुमच्याकडं समुद्राकाठी पाव्हण्यांना पवायला पानी लागतं, खरं का हो दादा?" तो हो म्हणाला. तिला खरोखरच नवल वाटलं असावं. "पन मग समुद्र हाय ना तिथं?"

टोमणा नव्हता गो तो. तिने विचारलं, एवढंच. धाकटा हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. आम्ही परत फिरलो. पावसच्या नाक्यावर गाडी थांबवून त्याने दोघांना चहा सांगितला. कप हातात धरून म्हणाला, "आई मला कधी ओरडली नाही गो. तुलाच ओरडायची. मी लहान म्हणून सुटलो." मला हसावं की रडावं कळेना. मग तो म्हणाला, "खोल्या बंद करू. पुढच्या आठवड्यापासून जे येणार आहेत त्यांना मी फोन करतो. तू नको करूस, तुला कोणी वेडंवाकडं बोललेलं मला चालायचं नाही."

बोललेच ते. एका कुटुंबाने तर आपल्याबद्दल नको ते लिहून ठेवलं, सगळ्या जगाला दिसेल असं. धाकट्याची बायको दोन दिवस जेवली नाही. त्या वर्षाचं कसं निभवायचं ते मलाही कळत नव्हतं. पण त्याने एकदा मनावर घेतलं की तो तुझ्यासारखाच. पोहण्याच्या तलावाच्या खड्ड्यात त्याने फरशी बसवली नाही. तळाला दगडगोटे नि वाळू घातली, आणि सगळ्या खोल्यांच्या छपरांचं पाणी पन्हळींनी तिथे आणून सोडलं, जमिनीत मुरायला. पावसाळाभर तो काठावर छत्री घेऊन उभा राहायचा, पाणी चढतं किती, उतरतं किती बघत. गावातले लोक येता-जाता विचारायचे, "काय, झाला का तरणतलाव?" तो म्हणायचा, "झाला की. बेडूक पोहायला पण लागले."

गणपतीनंतर देवळात सगळ्या खोलीवाल्यांना बसवलं. मी बोलायला उठले. मी कुठलं भाषण केलं नाही, सड्यावरच्या विहिरीचं जे पाहिलं ते सांगितलं. वादावादी झाली, दोघेजण उठून गेले, त्यातला एक पुन्हा येऊन बसला. शेवटी वाडीतल्या बहुतेकांनी कबूल केलं की नवीन बोअर मारायची नाही, मे महिन्यात निम्म्याच खोल्या द्यायच्या, आणि न्हाणीचं पाणी पऱ्यात न सोडता माडांना द्यायचं. खाडीच्या तोंडाशी जे मोठं हॉटेल झालंय तिथलं कोणी आलंच नाही. त्यांच्या हिरवळीवर आजही भर दुपारी कारंजी उडतात. त्यांच्यापुढे आमचं चालेल असं वाटत नाही, पण ग्रामसभेत दर वेळी तो विषय काढायचं मी सोडलेलं नाही.

आज पुन्हा मे महिना आहे. पाणी पहिल्यासारखं गोड झालंय असं मी तुला खोटं सांगणार नाही. मार्चपर्यंत छान होतं, एप्रिल संपता संपता जिभेला थोडं जाणवायला लागलं, पण चहा होतो, डाळ शिजते. परवा खालाला तांब्या नेऊन दिला. ती प्यायली आणि म्हणाली, "गोड नाय अजून. पन तोंडात धरवतं." मग सगळा तांब्या संपवला तिने. पाडलेल्या माडांच्या जागी धाकट्याने नवी रोपं लावली आहेत. ती फळायला लागतील तेव्हा मी असेन-नसेन.

ह्या आठवड्यात आपल्याकडे कोणी नाही. निम्म्या खोल्या बंद, उरलेल्यांतले पाहुणे काल गेले. घर शांत आहे, म्हणून हे एवढं लिहायला सवड मिळाली. लिहून झालं की घडी करून तुझ्या फोटोमागे सरकवून ठेवीन. दुसरीकडे कुठे टाकणार? पण एक गोष्ट राहिली, ती मी धाकट्यालाही सांगितलेली नाही. देवळात सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, थोडी कमी माणसं आली तर काय बिघडतं, आपलीच दमछाक वाचेल. आणि रोज दुपारी रस्त्यावर एखादी गाडी आमच्या वळणाशी जरा हळू झाली, की मी हातातलं काम टाकून पडवीत येते, आणि ती पुढे निघून गेली की थोडा वेळ तिथेच उभी राहते.